साक्षीच्या कौलाआधी

आमच्या गावच्या देवीने जत्रेची तारीख अजून पुरती दिलीही नव्हती, तेवढ्यात मी ती जाहीर करून मोकळा झालो होतो.

हे कसं झालं ते कळायला आधी आमची रीत सांगायला हवी. आमच्या जत्रेला पंचांगातली तिथी नाही. देवीला विचारावं लागतं. भातं घरात आली की मानकरी, गुरव आणि ज्यांना दुसरं काही काम नाही असे माझ्यासारखे गावकरी देवळात जमतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या फुलांच्या कळ्या लावतो, मानकरी गाऱ्हाणं घालून एक दिवस सुचवतो, आणि मग सगळे देवीच्या दोन्ही खांद्यांकडे बघत बसतात. उजवी कळी पडली तर दिवस मान्य, डावी पडली तर नामंजूर. उजवी पडली तरी काम संपत नाही. तोच दिवस देवीला पुन्हा सांगून साक्षीचा कौल घ्यायचा असतो. 'बाय, नीट ऐकलंस मा? मगे फुडे बोल लावू नको,' असा त्याचा मतलब. तोही उजवा पडला की तारीख पक्की.

मला समजायला लागल्यापासून साक्षीचा कौल कधी उलटा पडलेला मी पाहिला नव्हता. त्यामुळे पहिली उजवी कळी पडली, की अर्धे लोक चपला शोधायला उठतात. मी चपला शोधत नव्हतो. मी फोन हातात घेऊन बसलो होतो.

गावाच्या नावाने मी एक ब्लॉग चालवतो. ओढ्यावरच्या साकवाचं काम कुठवर आलं, खाडीत शिंपल्या कुठे मिळतात, कुणाच्या कलमाला मोहर आधी आला, असं काहीबाही त्यात असतं. वर्षभर तो चार माणसं वाचतात, त्यांतला एक मी. पण जत्रेची तारीख ठरते त्या दिवशी मुंबईतला आमचा प्रत्येक चाकरमानी तो उघडून बसतो, कारण तारीख कळली की त्याच घटकेला गाडीचं तिकीट काढावं लागतं. मागे कुणीतरी गमतीने खोटी तारीख फोनवरून पसरवली होती आणि लोकांचा खोळंबा झाला होता. तेव्हा मी ब्लॉगच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं: 'फोनवर किंवा इतर कुठेही ऐकलेल्या तारखेवर विश्वास ठेवू नये. या ब्लॉगवर येईल तीच तारीख खरी.' हे वाक्य लिहून मी दोन दिवस छाती पुढे काढून फिरलो होतो.

तर गेल्या वर्षी गावातल्या एका उत्साही माणसाने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर माझ्याआधी तारीख टाकली. ते मला लागलं होतं. म्हणून या खेपेला मी घरूनच सगळा मजकूर तयार करून नेला. देवीचा फोटो, मथळा, येण्याचे रस्ते, सगळं. फक्त तारखेची जागा मोकळी. मानकऱ्याने बुधवार सुचवला, उजवी कळी पडली, मी बुधवार भरला आणि बटण दाबलं. आमच्या देवळात एरवी रेंज नसते. त्या घटकेला ती होती. ही देवीची करणी की टॉवरवाल्याची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मानकऱ्याने साक्षीचं गाऱ्हाणं घातलं, आणि डावी कळी पडली.

चपला शोधायला गेलेले परत आले. पुन्हा गाऱ्हाणं झालं. या वेळी मानकऱ्याने त्याच्या पुढच्या आठवड्यातला बुधवार सुचवला. उजवी पडली. साक्षीलाही उजवी पडली. लोकांनी हात जोडले. माझे हात फोनमध्ये गुंतलेले होते. मी तारीख बदलत होतो, आणि फोन मला सांगत होता, 'बदल जतन करता आले नाहीत.' रेंज आली तशी गेली होती.

घरी पोचलो तेव्हा बायको माडाखाली कुळीथ पाखडत होती.

"तोंड असा कित्याक झाला?" तिने विचारलं.

"तारीख चुकली."

"कोणाची? देवीची?"

"माझी."

तिने सूप खाली ठेवलं. "मगे बदला. लिवल्यात तुमीच मा?"

लिहिणारा मीच आणि बदलणाराही मीच, हे तिला जितकं सरळ वाटलं तितकंच मलाही वाटत होतं. घरच्या वायफायवर बसलो. तारीख बदलली, बटण दाबलं. चाक फिरलं फिरलं आणि तेच वाक्य पुन्हा आलं. मग मी अडचणी निवारण्याचं पान उघडलं. ते मराठीत होतं, म्हणजे मराठी अक्षरांत होतं. पहिला उपाय: पान पुन्हा उघडा. उघडलं. दुसरा उपाय: फोन बंद करून चालू करा. केला. तिसरा: साठलेली माहिती पुसून टाका. पुसली. चौथा: खात्यातून बाहेर पडा आणि पुन्हा प्रवेश करा.

बायको मागून वाचत होती. "भायर कित्याक पडतास?" ती म्हणाली. "आत आसास ते आतच रवा. भायर पडल्यार परत आत घेतले मा?"

"अगो, असंच करायचं असतं. सगळीकडे हेच सांगतात."

मी बाहेर पडलो.

पासवर्ड मला आठवत नव्हता. तो आठवायचा नसतोच, फोन आपला आपण लक्षात ठेवतो. फोन ज्यात ठेवतो ते मी तिसऱ्या उपायात पुसून टाकलं होतं. मुलीचं नाव घालून बघितलं, घरच्या बैलाचं घालून बघितलं, देवीचं घालून बघितलं. शेवटी 'पासवर्ड विसरलात?' या दयाळू प्रश्नावर बोट ठेवलं. तेव्हा उत्तर आलं की आपल्या नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर सहा आकडे पाठवले आहेत.

नोंदवलेला क्रमांक जुना होता. त्या क्रमांकाचा फोन तारकर्लीला समुद्राच्या तळाशी आहे. मेहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेलं होतं; डॉल्फिन डावीकडे आले, मी फोटोसाठी उजवीकडे वाकलो, आणि फोन गेला. त्यानंतर मी नवाच नंबर घेतला. ब्लॉगला हे कळवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर त्या पानावर, आणि ती पानं मी अडचण आल्यावरच वाचतो.

ग्रुपवर मी खरी तारीख टाकली. लोक चिडले. 'तिकीट काढून झालं', 'देवीने ठरवलं की तू?' वगैरे झालं, पण दोन दिवसांत सगळ्यांनी तिकिटं बदलली. राहिली एकटी आत्या.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, लग्न होऊन मुंबईला गेली ती तिथलीच झाली, पण जत्रेला ती एकही वर्ष चुकलेली नाही. माहेरवाशिणीने जत्रेच्या दिवशी देवीची ओटी भरायची, ही आमच्याकडची पद्धत. तिचे गुडघे गेले आहेत. शस्त्रक्रिया ठरली होती. मोठे डॉक्टर, त्यांचा दिवस मिळणं मुश्किल. ब्लॉगवर बुधवार वाचल्या वाचल्या आत्याने इस्पितळात सांगून टाकलं, की त्याच आठवड्याच्या शनिवारी चालेल. डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं, की गुडघे बदलले की जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, कायमचं. त्यामुळे तिच्या मनात एकच होतं: त्याआधी एकदा, जत्रेच्या दिवशी, देवीसमोर जमिनीवर बसायचं, ओटी भरायची आणि कपाळ टेकायचं.

मी तिला फोन लावला.

"आते, जत्रा ह्या बुधवाराक नाय हां. फुडच्या बुधवाराक आसा."

"कोण सांगता?"

"मी सांगतंय."

"तू कोण?"

"आते, मी गो. तुझो भाचो."

"ता माका कळला. तू तारीख सांगणारो कोण? थांब, वाचून दाखवतंय." तिच्या मुलाने तिच्या फोनवर ब्लॉगचं चित्र लावून दिलं आहे, बोट ठेवलं की तो उघडतो. तिने चष्मा शोधला, आणि मग माझंच वाक्य मला शाळेतल्या बाईंसारखं वाचून दाखवलं. 'फोनवर किंवा इतर कुठेही ऐकलेल्या तारखेवर विश्वास ठेवू नये.' "ह्या कोणी लिवला?"

"मी."

"मगे?"

"अगो, ती तारीख चुकान गेली. मी साक्षीच्या कौलाच्या आदीच टाकलंय."

"साक्षीचो कौल उलटो पडलो?" ती हसली. "माझ्या जन्मात कदी पडाक नाय, आणि आता माझ्या आपरेशनाच्या टायमाक पडलो? माका सगळा कळता रे. तो डॉक्टर म्हणालो प्रवास नको. झिल म्हणालो, आये, ह्या वर्साक रव. आता तू म्हणतंस फुडे गेली. मगे म्हणतलंस आणखी फुडे गेली. मगे म्हणतलंस झाली."

"देवीची शपथ, आते."

"शपथ घेव नको. ब्लॉगार लिव. ब्लॉगार दिसली काय मी इस्पितळात सांगान दिवस बदलून घेतंय. नायतर मी बुधवाराक कुडाळ टेशनार उतारलंय म्हणान समज."

मी तिच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, मी सांगून दमलो, ती म्हणते तू आणि तो एकाच माळेचे मणी. मानकऱ्याला तिच्याशी बोलायला लावलं, तर तिने त्याला विचारलं, "माझ्या भाच्यान तुका काय पाजल्यान?"

म्हणजे माझा शब्द खोटा आणि माझंच लिहिलेलं खरं, अशी गत झाली. ते लिहिलेलं बदलायचं तर आत जायला हवं, आणि माझ्या हाताने मी बाहेर पडलो होतो.

मालवणच्या बाजारात माझा एक वर्गमित्र मोबाइलचं दुकान चालवतो. त्याच्या आजोबांच्या वेळेला तिथे सुकी मासळी आणि नारळ होते. आता चार्जर आणि फोनच्या काचा लटकतात, पण भिंतींना अजून सुक्या सुंगटांचा वास आहे. बायकोही बाजाराच्या निमित्ताने बरोबर होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकताना एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवत होता, आणि हसू आवरत नसल्यामुळे ती वाकडी बसली.

"मेल्या, दर्यात पडलेलो नंबर कंपनी तसोच ठेवीत काय? कोणाकतरी दिलो आसतलो. लाव फोन."

लावला. एका बाईने उचलला.

"नमस्कार," मी म्हणालो. "तुमच्या फोनवर आता सहा आकडे येतील, ते मला सांगाल का?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" बाई म्हणाली. "ह्ये आकडे कोणाक सांगा नकोत म्हणान फोनातली बाई रोज बोंबालता, ता काय उगीच?" आणि ठेवला.

मित्राने काउंटरवर डोकं टेकलं. "बरोबर केल्यान," तो म्हणाला. "मी आसतंय तर पोलिसांकच कळवलं आसतंय."

मग बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, दुकानाबाहेर गेली आणि पुन्हा लावला. ती बराच वेळ बोलत होती. मध्ये हसली. एकदा म्हणाली, "नाय गो बाय, तसो न्हय तो." परत आली तेव्हा तिला सगळं ठाऊक झालं होतं. त्या बाईचं आंबोलीला रस्त्यावर चहा आणि भज्यांचं दुकान होतं, तिचं माहेर वालावलीला, बायकोच्या मावशीच्या घराला लागून.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माणूस बघल्याशिवाय आकडो देवची नाय. आंबोलेक येवा."

म्हणून आम्ही सावंतवाडीवरून एसटीने आंबोलीला गेलो. घाटात धुकं इतकं होतं, की ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकत होता. दुकान सापडलं. बाईने मला उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बायकोला म्हणाली, "ह्येका कोण पण फशी घालीत. ह्यो कोणाक घालूचो नाय." एवढ्यावर माझी ओळख पटली.

अडचण पुढे होती. तिच्या दुकानात रेंज येते ती एकाच ठिकाणी. तिथे तिने बांबू रोवून फोन प्लास्टिकच्या पिशवीत टांगून ठेवला होता. माझी कंपनी वेगळी. माझी रेंज खालच्या वळणावर, दरडीच्या बाजूला. तेव्हा ठरलं ते असं: मी वळणावरून आकडे मागायचे, बाईने बांबूपाशी ते वाचायचे, बायकोने मधे उभं राहून मला ओरडून सांगायचे.

"चार!" बायको ओरडली. "सात! शून्य!" मग एक ट्रक भोंगा वाजवत वळणावर आला, आणि पुढचा आकडा त्याच्याखाली गेला.

"काय?"

"काय काय? ऐका मा नीट!"

"परत सांग!"

तिने परत सांगितले, मी घातले, फोन म्हणाला मुदत संपली. दुसऱ्यांदा मागवले. ते बाईच्या फोनवर आलेच नाहीत; तिसऱ्यांदा मागवल्यावर दुसरे आणि तिसरे एकदमच आले, आणि कुठले कुठले ते दोघींना कळेना. मी जे घातले ते चूक होते. मग फोनवर एक नवं वाक्य आलं. 'आपण अनेकदा प्रयत्न केला आहे. सुरक्षिततेसाठी आपलं खातं काही काळ बंद ठेवलं आहे.' किती काळ, ते लिहिलेलं नव्हतं. माझी सुरक्षितता त्यांनी माझ्यापासूनच राखली होती.

बाईने आम्हाला चहा दिला, पैसे घेईना. कपबशा विसळताना म्हणाली, "जत्रेक मी पण येतंय हां. ह्या बुधवाराक मा? माझ्या भावजयीन ब्लॉगार वाचलेला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आंबोलीला रेंज चढत नव्हती, पण माझी चूक घाट चढून आमच्याआधी पोचली होती. तिला खरी तारीख सांगितली. तिने मात्र लगेच मानली. आमचे चेहरे समोर होते म्हणून असेल.

परत आल्यावर मी जे जे सुचलं ते केलं. मदत मागायच्या पानावर गेलो. तक्रार नोंदवण्यासाठी कृपया आधी प्रवेश करा, असं तिथे लिहिलं होतं. मग सुचलं, की आपण वाचक म्हणून त्या मजकुराखाली प्रतिक्रिया टाकावी: 'तारीख चुकीची आहे. खरी तारीख पुढचा बुधवार.' आत्या प्रतिक्रियाही वाचते. मोठ्या आशेने टाकली. उत्तर आलं: 'आभारी आहोत. ब्लॉगलेखकाने मान्यता दिल्यावर आपली प्रतिक्रिया दिसू लागेल.'

ब्लॉगलेखक ओट्यावर बसला होता आणि त्याला मान्यता द्यायला आत जाता येत नव्हतं. प्रतिक्रिया तपासल्याशिवाय दाखवायच्या नाहीत ही सोयही मीच करून ठेवली होती, कुणीतरी एकदा माझ्या शिंपल्यांच्या लेखाखाली 'ह्येका शिंपल्या आणि कालवांतलो फरक कळना नाय' असं लिहिलं होतं म्हणून.

त्या बुधवारी सकाळी आम्ही दोघं कुडाळ स्टेशनवर गेलो. जत्रेच्या दिवशी त्या गाडीतून माणसं अशी सांडतात, की आपलं माणूस शोधावं लागतं. त्या दिवशी शोधावं लागलं नाही. एकटी आत्या उतरली, डब्यातल्या शेजारणीच्या खांद्याला धरून. शेजारीण तिला आमच्या हवाली करून परत डब्यात चढली. आत्याने फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तिच्या पिशवीतून हिरवी साडी आणि नारळाची शेंडी डोकावत होती.

"माणसा खंय आसत?" तिने विचारलं.

मी तिची पिशवी हातात घेतली. तिने फोन काढला, चित्रावर बोट ठेवलं, वाचलं.

"ब्लॉगार आजचीच तारीख आसा."

"होय आते."

"म्हणजे तू खरा बोलत होतंस?"

"होय गो."

"मगे आदी नीट कित्याक सांगूक नाय?"

मी रिक्षा बोलावली.

रिक्षा देवळाच्या माळावर आली. माळावर एक माणूस पहारीने दुकानांच्या बांबूंसाठी खड्डे काढत होता, आणि दोन गुरं चरत होती. आत्याने रिक्षा थांबवायला लावली. "हय खाजावाली बसता," ती म्हणाली. "थंय बांगडीवालो. आणि त्या चिंचेकडे दशावताराचो मंडप." आम्ही तिघं रिक्षात बसून रिकामा माळ बघत होतो. रिक्षावाल्यानेही बघितला.

मुक्काम करून पुढच्या बुधवारपर्यंत थांब, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? शनिवार ठरलेला होता. तिच्या मुलाने इस्पितळात पुन्हा विचारून बघितलं होतं. तो दिवस गेला तर पुढचा पावसाळ्यानंतर, आणि तोवर ती पायांवर उभी राहील असं डॉक्टरला वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या परतीच्या गाडीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं.

गुरवाने देऊळ उघडलं. मानकऱ्याला मी आधीच निरोप दिला होता. तो धोतर नेसून आला. आणखी दोघं-तिघं आले. जत्रेच्या दिवशी ओटी भरायला माणसांची रांग माळापर्यंत जाते. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर एवढी मोकळी फरशी होती, की आत्याला कुठे बसावं ते कळेना. बायकोने तिला धरून हळूहळू खाली बसवलं. ती मांडी घालून बसली. बसताना तिच्या तोंडून 'आये गे' निघालं, मग ती नीट बसली, पदर खांद्यावरून घेतला आणि ओटी भरली. तांदूळ, नारळ, साडी, हळदकुंकू. मग पुढे वाकून कपाळ फरशीला टेकलं. ती बराच वेळ तशीच होती. कुणी घाई केली नाही, घाई करायला मागे कुणी नव्हतंच.

मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं. "बाय माउली, ही तुझी माहेरवाशीण आज तुझ्या दारात इली हा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मानकऱ्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी असं म्हणायचंच असतं.

"दिवस चुकलो, पण मन चुकूक नाय..."

"व्हय म्हाराजा."

"जा काय चुकला ता त्या यंत्रान चुकयला..."

आत्याने फरशीवरून कपाळ न उचलता मधेच सांगितलं, "यंत्रान नाय. माझ्या भाच्यान."

मानकरी थांबला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा देवीकडे. देवीसमोर खोटं बोलायची सोय नसते. "...तर जा काय चुकला, ता हिच्या भाच्यान चुकयला..." तो म्हणाला आणि थांबून राहिला.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. इतरांपेक्षा माझाच आवाज मोठा आला.

"...तरी तू आजचो बुधवार हिच्यासाठी जत्रेचो धरून घे, आणि हिच्या पायांक बळ दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तिला उठवायला तिघं लागले. मी चौथा होतो, पण धरायला काही शिल्लक नव्हतं, म्हणून तिची पिशवी धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून दिलं. बायकोने मालवणहून आणलेलं खाजं, जत्रेत मिळतो तो गोड खाऊ, तिच्या हातात दिलं. शेजाऱ्यांना ती दर वर्षी जत्रेचं खाजं नेते. आत्याने पुडी उघडून एक तुकडा तोंडात टाकला. "ह्या बाजारातला," ती म्हणाली, तरी पुडी पर्समध्ये नीट ठेवली. मग खिडकीतून मला म्हणाली, "फुडल्या बुधवाराक माझ्या नावान दिवो लाव. थंय आपण जातीन जा, कोणाक सांगा नको, आणि खंय लिवू नको."

गाडी गेली. आम्ही रिक्षात बसलो. बायको बाहेर बघत होती. वाटेत ज्या वळणावर खाडी दिसते तिथे मी म्हणालो, "बस झालं. हा ब्लॉग मी आजच्या आज बंद करून टाकणार."

तिने खाडीवरची नजर काढली नाही. "कसो करतल्यात?" ती म्हणाली. "बंद करूक तरी आत जावक होया मा?"